‘खाली गेले’ म्हणजे नेमके कुठे?

संपादक महोदय, स. न.

थंडी पडली की राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी रीघ लागते आणि एखाद्या सोमवारी ‘ट्रेकर बेपत्ता’ अशी बातमी येते. मंगळवारच्या बातमीत ‘प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यात विसंगती, शोधकार्यात अडथळा’ हे वाक्य बहुधा असतेच. त्यातला पहिला भाग खरा असतो. दुसऱ्या भागाबद्दल हे पत्र.

जबाब तंतोतंत जुळले, तर उलट शंका घ्यावी. सगळे जण एकाच टपरीवर बसून आधी बोललेले असतात. न जुळणारे जबाब मात्र कामाचे असतात, फक्त ते का जुळत नाहीत हे शोधावे लागते.

बरेचदा भाषाच आड येते. घाटमाथ्यावरच्या मोहरी-सिंगापूर या गावांच्या बाजूचा गुराखी ‘दोघं खाली गेली’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात कोकण असते. ऐकणारा शहरी स्वयंसेवक ‘खाली’ म्हणजे गाडी लावली ते गाव समजतो. या दोन ‘खाली’ घाटाच्या दोन बाजूंना आहेत आणि कोकणाकडचा उतार पाचशे मीटरहून अधिक. वेळेचेही तसेच. ‘दिवस कासराभर वर आला होता’ किंवा ‘गुरं परतायच्या वेळी’ ही उत्तरे खोटी नसतात, पण त्यांना घड्याळाचा आकडा आपण चिकटवतो. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पूर्वेकडच्या घळीत डोंगराची सावली त्याच्या तासभर आधीच पडलेली असते. घळीतल्या माणसाचा ‘अंधार’ आणि डोंगराच्या धारेवरच्या माणसाचा ‘अंधार’ वेगळे. म्हणून ‘किती वाजले होते?’ असे विचारण्यापेक्षा ‘मुक्कामाची एसटी आली होती का?’ असे विचारावे. चहाचे पैसे यूपीआयने दिले असतील तर प्रश्नच मिटला, मोबाइलमध्ये मिनिटासकट वेळ मिळते.

कपड्यांच्या रंगावर तर मी सर्वांत कमी भरवसा ठेवीन. सकाळी गारठ्यात अंगात असलेले जॅकेट अकराला सॅकमध्ये जाते. संधिप्रकाशात आधी लाल रंग काळपट दिसू लागतो, निळा त्या मानाने उजळ राहतो. टॉर्चच्या उजेडात आणखी निराळेच. माणसे मोजण्यातही चूक होते, कारण गर्दीच्या दिवशी वाट अडली की दोन गट सहज एकत्र होतात. ‘चौघे होते’ म्हणणारा आणि ‘दोघेच होते’ म्हणणारा, दोघेही बरोबर असू शकतात. नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद उतरत्या घळीत, मारलेली हाक समोरच्या कड्यावर आपटून परत येते, त्यामुळे ‘आवाज पलीकडून आला’ हे दिशा म्हणून कधीच धरू नये.

मोबाइल टॉवर हाही एक साक्षीदारच, आणि तोही चकवतो. घाटाच्या कडेवर उभ्या माणसाचा फोन समोर उघड्यावर दिसणारा कोकणातला टॉवर पकडू शकतो. तेवढ्यावरून माणूस कोकणात उतरला असे ठरत नाही.

विचारण्याची पद्धत अशी असावी. प्रत्येकाला वेगळे बसवून आधी त्याच्या शब्दांत सलग सांगू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही. ‘निळं जॅकेट होतं ना?’ हा प्रश्न नव्हे, ते उत्तर झाले. त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची: स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले की अंदाज. मग शक्य असेल तर त्याला त्याच जागी, त्याच वेळेला उभे करायचे. तिथून ती वाट दिसतच नाही, असे कितीदा तरी निघते.

यानंतर एक जबाब निवडून सगळी माणसे तिकडे पळवणे ही नेहमीची चूक. आधी पायथ्याच्या वाटांवर माणसे बसवायची. राजगड असेल तर गुंजवणे, पाली, भुतोंडे. मग नकाशाचे तुकडे करून अनुभवी चार-पाच जणांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक तुकड्याला, माणूस तिथे असण्याच्या शक्यतेचे, टक्के द्यायचे, बेरीज शंभर, आणि सरासरी काढायची. त्यात ‘या भागात नाहीतच’ हाही एक रकाना हवा. समजा नाळ ४०, धार ३०, जंगल २०, भागाबाहेर १०. नाळ धुंडाळली, माणूस तिथे असता तर सापडण्याची शक्यता ७० टक्के होती, तरी सापडला नाही. मग नाळेचे ४० उरतात १२. एकूण उरले ७२, त्या हिशेबाने नाळ १७ टक्क्यांवर येते, धार ४२ वर चढते आणि ‘भागाबाहेर’ १४ होते. म्हणजे आता धारेवर जायचे आणि एकाने एसटी स्टँड, दवाखाने, नातेवाईक यांना फोन लावत बसायचे. नाळेवर काट मात्र मारायची नाही.

तारखा सरकल्या की काय होते, याचे उदाहरण रशियातल्या उत्तर उरल पर्वतातले आहे. १९५९ साली १ फेब्रुवारीच्या रात्री इगोर द्यातलोव्ह याच्या पदभ्रमण गटातले नऊ जण तंबू सोडून बर्फात गेले आणि मेले. तपासाच्या कागदांत आकाशातल्या आगीच्या गोळ्यांचे जबाब आहेत, पण त्यातले ठळक जबाब १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्चचे. क्षेपणास्त्र चाचण्यांशी ते जुळतात, मृत्यूच्या रात्रीशी नाही. तरी ते गोळे त्या रात्रीला चिकटले ते चिकटलेच. २६ फेब्रुवारीला तंबू सापडला तेव्हा शोधणाऱ्यांनीच त्याचे कापड बर्फकुऱ्हाडीने फोडले. आधी फोटो काढलेला नसल्याने तो तंबू कसा उभा होता, हे पुढे माणसांच्या आठवणींवरच उरले.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. बेपत्ता माणसाचा फोटो छापा, तो हवाच. पण सॅकचा रंग किंवा बुटांची जात यांपैकी एक खूण छापू नका. पोलिसांपाशी ती राखलेली असली, की नंतर फोन करणाऱ्याने माणूस पाहिला की बातमी वाचली, हे कळते. ‘अमुक ठिकाणी दिसले’ हेही शोध चालू असताना छापू नका. दुसऱ्या दिवशी तिथेच पाहिलेले आणखी दहा जण उभे राहतात.

आणि त्या दिवशी गडावर असलेल्या सर्वांना: फोटो पुसू नका, मागच्या गर्दीत ती माणसे असू शकतात. ११२ वर कळवा. फोटो मागितले तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, त्यात वेळ आणि ठिकाणाची नोंद गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवा.

– एक बचावकार्य स्वयंसेवक, कोथरूड, पुणे