गणपतीला येणं जमणार नाही, रागावू नका

आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई लगेच "जेवलीस का" विचारते आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. गणपतीला कायमची परत येते म्हणाले होते ना, ते नाही जमणार. इथे इंग्लंडात, व्हिटबीत हॉस्पिटलातली नोकरी पर्मनंट झाली, मागच्या आठवड्यात सहीपण केली. आधी विचारायला हवं होतं, माहितीय. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं हसून "जा" म्हणाला असतात आणि आठ दिवस नीट जेवला नसतात, दादाच्या वेळचं मी विसरले नाहीये.

आई, काळजी करू नको गं. खोलीत हीटर आहे, तूरडाळ मिळते, तू दिलेला गोडा मसाला अजून अर्धा आहे. आणि परकी माणसं म्हणशील तर ऐक, वॉर्डातल्या एका आजीबाईंनी सांगितलं. बाबा, तुम्हीपण ऐका, तुमच्या आवडीचं आहे. गावाबाहेर बॅनियल फ्लॅट म्हणून शेत आहे, तिथे 3 फेब्रुवारी 1940 ला जर्मनांचं हाइनकेल 111 बॉम्बर विमान पडलं. त्या युद्धात इंग्लंडच्या जमिनीवर कोसळलेलं शत्रूचं पहिलं विमान! पाडलं ब्रिटिशांच्या हरिकेन लढाऊ विमानवाल्यांनी, त्यांचा पुढारी पीटर टाऊनसेंड (आई, तोच तो, राजकन्या मार्गारेटचं ज्याच्यावर प्रेम होतं). सगळीकडे बर्फ, विमान घसरत झाडांना धडकून शेतावरच्या घराजवळ थांबलं. चौघांतले दोघंच वाचले. लोक धावले, आणि बोटींवर बॉम्ब टाकायला आलेल्या त्या जखमींना उचलून घरात घेतलं! कार्ल मिसी नावाच्या गनरचा तर पाय कापावा लागला. दुसऱ्या दिवशी टाऊनसेंड स्वतः त्याला बघायला हॉस्पिटलात गेला, संत्री आणि सिगारेटी घेऊन. ज्याने गोळ्या घातल्या तोच. पुढे बऱ्याच वर्षांनी ते दोघं परत भेटलेपण.

आता सांगा, आभाळातून पडलेल्या शत्रूला संत्री देणारं गाव, मी तर व्हिसा काढून आलेय.

संत्री म्हटल्यावर बाबा, माझा टायफॉइड आठवला. एचएएलच्या विमान कारखान्यातली सेकंड शिफ्ट संपवून रात्री यायचात आणि फोडींवरचा एकूणएक धागा काढून भरवायचात, हाताला ग्रीसचा वास. परवा एका पेशंटला मी तशीच सोलून दिली, म्हातारा बघतच राहिला. मग स्टोअररूममध्ये जाऊन थोडं रडले. थोडंसंच.

बरं, आता मुद्द्याचं. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, मखर मामा काढेल. मोदक विकत आणा, आई, गुडघे माझ्यासाठी ठेव. डिसेंबरात तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय, रिफंड होत नाही म्हणजे येणारच. आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांचे गोळ्यांचे डबे कॅमेऱ्यासमोर धरायचे, उघडून. बाबा, मागच्या वेळी तुम्ही झाकण लावूनच दाखवलं होतं, मी बघितलं.

तुमची,
चिमी