धाकटीचं तिकीट

प्रिय शुभा,

हस्तलिखित पोचलं आणि हातातली कामं तशीच टाकून वाचून काढलं. आयर्लंडमधल्या दुष्काळाची प्रकरणं तू फार ताकदीनं लिहिली आहेस. बटाट्याची पानं काळी पडतात, शेतातून कुजका वास घरात येतो आणि आई दार लावून घेते, तिथे मला पुढे वाचवेना. पण तुला मोकळेपणानं सांगते, तुझ्या कादंबरीतल्या, अमेरिकेला निघालेल्या या दोघी बहिणी १८४७ च्या, म्हणजे दुष्काळातल्या, नाहीतच. त्या १८८० नंतरच्या आहेत.

१८४७ साली लोक निघाले ते जीव वाचवायला, बरेचदा अख्खं बिऱ्हाड घेऊन. शिडाच्या जहाजात सहा-सहा आठवडे, वर तापाची साथ. कॅनडात क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर त्या एका वर्षात हजारो आयरिश माणसं पुरली गेली. तुझी मोठी मात्र विचार करून निघते. शेत भावाला जाणार, हुंडा एकीपुरताच आहे, हे तिनं ओळखलंय. हा हिशेब दुष्काळानंतरचा. जमिनीचे आणखी तुकडे पाडायचे नाहीत हे शेतकऱ्यांच्या मनानं घेतलं. एका मुलाला शेत, एका मुलीला हुंडा, उरलेल्यांनी आगबोट गाठायची. युरोपातल्या इतर देशांतून पुरुषच जास्त गेले, पण आयर्लंडमधून जाणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या. त्याही बहुतेक बिनलग्नाच्या.

आणि शुभा, या मुली एकमेकींना ओढून नेत होत्या. मोठी बॉस्टनला किंवा न्यूयॉर्कला कुणाच्या घरी कामाला लागायची. राहायला माळ्यावरची खोली, सुट्टी गुरुवारी दुपारी आणि एक रविवार सोडून एक. पण राहण्या-जेवणाचा खर्च नसल्यानं पगार गाठीला पडायचा. त्यातून ती तिकडेच धाकटीचं तिकीट काढायची आणि पत्रातून घरी धाडायची. तू कादंबरी बंदरावर संपवली आहेस. मला वाटतं ती खरी सुरू होते हे पाकीट दारात येतं तेव्हा. धाकटीला जायचंच नसेल तर? गावातल्या कुणात तिचा जीव अडकला असेल तर? आणि मोठीनं त्या तिकिटापायी स्वतःचं लग्न पुढे ढकललं असेल, तर ते ती पत्रात लिहील का? मला हे वाचायचंय.

निघण्याच्या आदल्या रात्रीचं एक प्रकरण हवंच. माणूस गेलं की प्रेताशेजारी रात्र जागवायची तिथली रीत. अमेरिकेला निघालेल्या मुलीसाठीही तशीच रात्र जागवायचे. शेजारीपाजारी जमायचे, फिडल वाजायचं, नाच व्हायचा, आणि कधी कधी पहाटेकडे म्हाताऱ्या मेलेल्या माणसासाठी धरावा तसा गळा काढायच्या. ती मुलगी समोर उभी असताना! सकाळी सगळे तिला थोड्या अंतरापर्यंत पोचवायला जात. तुझ्या बहिणी डोनेगलच्या आहेत ना? मग तिथल्या मकिश डोंगराच्या खिंडीतला ‘अश्रूंचा पूल’ त्यांच्याच वाटेवर घाल. घरचे तिथून माघारी वळत आणि जाणारे पुढे डेरी बंदराकडे चालत. म्हणजे त्यांना दक्षिणेला क्वीन्सटाउन बंदरापर्यंत नेऊ नकोस. डेरीहून लहान बोटीनं मोव्हिलला आणि तिथून मोठ्या आगबोटीवर.

१८९० पर्यंत न्यूयॉर्कला येणारे कॅसल गार्डन या ठाण्यावर उतरायचे, एलिस बेटाचं ठाणं १८९२ चं. शार्लट ग्रेस ओब्रायन या बाईंनी एकट्या मुलींच्या जहाजावरच्या हालांविरुद्ध आवाज उठवला, आणि तिच्याच खटपटीतून फादर रिऑर्डन यांनी कॅसल गार्डनजवळ आयरिश मुलींसाठी आसरा उघडला. तुझी धाकटी पहिली रात्र तिथे काढू शकेल.

एक शेवटचं. बॉस्टनच्या ‘पायलट’ साप्ताहिकात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती यायच्या. नाव, गाव, कुठल्या साली निघाली, शेवटची कुठे दिसली. त्यात बहिणीला शोधणाऱ्या बहिणीही आहेत. तुझ्या मोठीनं तिकीट पाठवलं, धाकटी निघाली, आणि दोघींची गाठच पडली नाही, असंही होऊ शकतं. तू त्यांची गाठ घालून दे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण तो निर्णय तुझा.

पुलाचं प्रकरण लिहून झालं की बाकीच्यासाठी थांबू नकोस, तेवढंच पाठव.

तुझी,
मीना