जांभळी नाक्यावरची लाल वही

ठाणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "आपल्या गल्लीतली दुकानं अजून आहेत का रे?" असं शेवटच्या ओळीत विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देववेना, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं किराणा दुकान गेलं. इमारत पुनर्विकासाला गेली आणि गेल्या महिन्यात आम्ही गाळा रिकामा केला. बरण्या, डबे, तराजू सगळं टेम्पोत घातलं. माळ्यावरून वह्यांचं गाठोडं निघालं, ते मात्र मी मांडीवर ठेवून घरी आणलं. रोज रात्री एकेक वही उघडतो. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाची बोटं, "श्री" आणि "शुभ लाभ". लक्ष्मीपूजनाला तूच झेंडूची फुलं घेऊन यायचास, आठवतं?

सगळ्यात जुनी हाती लागलेली वही १९५७ ची आहे. त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. तोवरचा हिशेब रुपये, आणे, पै. मग आजोबांनी पानावर उभी रेघ ओढून दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडलेत. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे! तो पाव पैसा गिऱ्हाइकानं सोसायचा की दुकानदारानं, यावर तेव्हा किती वाद झाले ते आजी सांगायची. आजोबांनी बहुतेक ठिकाणी तो सोडून दिलेला दिसतो. पुढच्या पाच वर्षांत शेर जाऊन किलो आला. मापं कायद्यानं बदलली, पण बायका "मापटंभर पोहे द्या" असंच म्हणायच्या आणि आजोबा मुकाट्यानं वजनात काढून द्यायचे.

आजोबा कोकणातून आले तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधायचे. मग हा गाळा पागडीनं, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्यानं, घेतला. स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतचा बाजार मुळात रेल्वेच्या आसऱ्यानं वाढलेला. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली ना! आजोबांनंतर माझे वडील, अण्णा, पहाटेच्या लोकलनं मशीद बंदरला जायचे आणि दाणाबंदरातून भाव काढून भुसार माल आणायचे. पुढे घाऊक बाजार वाशीला हलला. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ मध्ये. तोवर अण्णांनी कळव्यावरून एसटीनं किती खेपा घातल्या असतील! एकदा तुरीच्या पोत्याला भोक पडलं आणि घरी पोचेपर्यंत दोन किलो डाळ सांडली. जेवताना ते काहीच बोलले नाहीत.

पण दुकान फक्त अण्णांनी चालवलं असं मी आता म्हणणार नाही. दुपारी शटर अर्धं खाली ओढून आई आणि काकू मागच्या बाजूला तांदूळ निवडत बसायच्या. आई खडे वेगळ्या वाटीत टाकायची आणि वाटी भरली की अण्णांना दाखवायची. तिखट कांडून आणणं, शेंगदाणे पाखडणं, दिवाळीआधी डबे घासणं, या कशाचीच नोंद वहीत नाही. तिथं हमालाचे आठ आणेसुद्धा लिहिलेत, आईचं नाव कुठेच नाही. हे पाहून मला फार वाईट वाटलं.

उधारीची पानं वाचताना मात्र सगळं ठाणं डोळ्यांसमोर येतं. १९६२ मध्ये एमआयडीसी हे सरकारी औद्योगिक महामंडळ झालं, वागळे इस्टेटची कारखान्यांची वसाहत वाढली आणि आपल्याकडे पगारदार गिऱ्हाईक आलं. महिनाभर वहीवर मांडायचं, सात तारखेनंतर चुकतं करायचं. चुकतं झालं की पानावर तिरकी रेघ. मग पुढे एका वहीत काही पानांवर जमाच नाही. कंपन्या बंद पडत गेल्या तेव्हाची ती पानं. एका घराची साखर आधी दोन किलो, मग एक, मग पाव किलो. चहापत्तीची मोठी पुडी जाऊन छोटी आली. शेवटी अण्णांनीच रेघ मारून बाजूला लिहिलंय, "मिटले". पैसे आलेले नाहीत, हे पुढच्या बेरजेवरून कळतं. त्यांनी हे आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मॉल आले म्हणून दुकानं गेली असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मॉल आल्यावरही आमचं गिऱ्हाईक बरंचसं टिकलं होतं. पण १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, इमारती खचल्या. त्याच कायद्याच्या आधारानं आजोबांनंतर अण्णांना गाळा मिळाला, कारण दुकानात सोबत बसणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी. माझ्या वेळी बसणारंच कोणी नव्हतं. मी बँकेची परीक्षा दिली तेव्हा अण्णांनी स्वतः फॉर्मचे पैसे गल्ल्यातून काढून दिले. म्हणाले, "तुला आयुष्यभर उभं राहायला लागू नये." त्यांचे पाय संध्याकाळी सुजायचे, हे तूही पाहिलंयस.

कोपऱ्यावरचं भांड्यांचं दुकान आहे अजून, सून बसते. कापडवाल्यांच्या जागी मोबाईलचं आहे. गिरणी चालू आहे.

आता तुझा सल्ला हवा. मराठी ग्रंथसंग्रहालयात या वह्या द्याव्यात असं मनात येतं. १८९३ पासूनची संस्था, नीट जपतील. पण त्यात माणसांची नावं आहेत, कुणाचं किती थकलं ते आहे. एखादं गिऱ्हाईक समोर असताना अण्णा दुसऱ्याचं पान हातानं झाकून धरायचे. ती मुलंनातवंडं अजून इथेच राहतात.

तुझ्या आजीचंही पान सापडलं. ऑगस्टमध्ये गूळ आणि नारळ, नारळी पौर्णिमेचं असणार. सगळं चुकतं आहे. ते पान तेवढं तुला दाखवायला ठेवलंय, बाकीच्यांचं काय करू ते कळव.

तुझाच