कासवांच्या डॉक्टरताईंना, मनापासून

आदरणीय डॉक्टरताई,

सादर नमस्कार.

गाई-म्हशींच्या रांगेतून वेळ काढून तुम्ही आमची कासवं तपासता, आणि कासव गेलं की मागे राहिलेल्या माणसांकडेही बघता. वीस-पंचवीस वर्षं घरात वावरलेलं रेड-इअर्ड स्लायडर जातीचं पाणकासव एका सकाळी हलत नाही, तेव्हा ‘कासवच होतं ना’ असं न म्हणणारं माणूस बेळगाव-खानापूर भागात आहे, हा आम्हाला फार मोठा आधार आहे.

पहिले आभार घाई थांबवल्याबद्दल. कासव श्वास बराच वेळ रोखून धरतं, म्हणून श्वास दिसला नाही एवढ्यावरून ते गेलं असं ठरत नाही. उलट, मेंदू थांबल्यावरही त्याचं हृदय काही तास चालू राहू शकतं. त्यात आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी! गारठलेलं आणि मेलेलं कासव वरून सारखंच दिसतं. तुमची रीत आता आम्हाला तोंडपाठ झाली आहे. पाण्यात निपचित सापडलं तर बाहेर काढून, मान लांब करून तोंड खाली धरायचं, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी निथळतं. उताणं ठेवायचं नाही. थंडीनं गारठलं असेल तर 25 ते 28 अंशांच्या खोलीत सावकाश ऊब येऊ द्यायची, दिव्याखाली भाजायचं नाही. मग डोळ्याच्या कडेला ओला कापूस लावायचा, मागचा पाय हलकेच ओढून सोडायचा, शेपटीच्या मुळाशी स्पर्श करायचा. तरीही हालचाल नसेल तर तुम्ही मान आणि पुढच्या पायाच्या बेचक्यात डॉप्लर, म्हणजे हृदयाचे ठोके ऐकवणारं यंत्र, लावता आणि काही तासांनी पुन्हा लावता. जिवंतपणीच पुरलं की काय, ही शंका ज्यांच्या मनात राहू शकली असती, त्यांच्यासाठी ती दुसरी तपासणी फार मोलाची आहे.

‘काल तर खात होतं, मग अचानक कसं?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. सरपटणारे प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतात, हे तुम्ही न कंटाळता सांगता. मूत्रपिंड महिनोन्‌महिने झिजत असतं. मादीच्या पोटात नराशिवायही अंडी तयार होतात, आणि खणायला ओली माती नसली तर ती अडकू शकतात. आपल्या हिवाळ्यात टाकीचं पाणी 15 ते 20 अंशांवर आलं की कासव धड झोपतही नाही आणि खाल्लेलं पचवतही नाही. प्रतिकारशक्ती खालावते, न्यूमोनिया होतो, आणि म्हाताऱ्या जिवाला तो झेपत नाही. टाकीवरची यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, उजेड देत राहते, पण सहा ते बारा महिन्यांत तिचे उपयोगी किरण क्षीण होतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातही ते नसतात. जिथं निगेत कमी पडलं तिथं तुम्ही तसं स्पष्ट सांगता, आणि जिथं वयच झालं होतं तिथं तेही. नुसत्या गोड दिलाशापेक्षा आम्हाला हे जास्त लागतं.

शवविच्छेदनाची तुमची सूचना आम्ही इतरांनाही सांगतो: प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात 4 अंशांच्या आसपास ठेवा आणि 24 तासांच्या आत आणा. बर्फाला थेट टेकवू नका, फ्रीझरमध्ये तर नकोच, कारण गोठल्यावर पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. सोबत पाण्याचं तापमान, आहार आणि नळी बदलल्याची तारीख लिहून द्या.

पुरण्याबाबतही तसंच: परड्यात तीन फूट खोल, आड आणि बोअरपासून दूर. खानापूरकडच्या पावसात खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा उंचवटाच निवडावा. टाकीचं शेवाळ आधी साबणानं घासायचं, कारण घाण राहिली की ब्लीच निकामी होतं. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं; अ‍ॅसिड कधीच मिसळायचं नाही. कासवांपासून माणसाला होऊ शकणाऱ्या साल्मोनेला जंतूंमुळे हातमोजे हवेतच.

मुलांना ‘ते झोपलंय’ असं सांगू नका, हे तुमचं म्हणणं आम्हाला फार पटलं. कासवं हिवाळ्यात खरोखरच सुस्तावतात. मूल मग जागं होण्याची वाट बघत बसतं. ‘ते मेलं, आता त्याला दुखत नाही’ एवढं सरळ सांगितलं की पुढचे प्रश्न ते स्वतःच विचारतं.

मागे राहिलेल्या जोडीदार कासवाला दुःखाच्या भरात किल्ला तलावात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नये, हे विदेशी कासव इथल्या कासवांच्या जागा आणि खाणं हिरावतं, हेही तुम्ही प्रत्येकाला बजावता. त्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घेण्याचा तुमचा आग्रह आम्ही पाळतो आणि पाळत राहू.

आपले कृतज्ञ,
बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातले कासवं पाळणारे