लवादाच्या खुर्चीकडे निघालेल्या मित्रास

गंगापूर रोड, नाशिक


प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. अठ्ठावीस वर्षे ठेकेदार कंपनीत काढल्यावर आता राजीनामा देऊन लवाद आणि मध्यस्थीच्या कामात यावे काय, आणि आलो तर पोट भरेल काय, असे दोन प्रश्न तू एकाच वाक्यात विचारले आहेस. फोनवर मी ‘ये की’ म्हणून मोकळा झालो असतो आणि पुढच्या वर्षी तू मला शिव्या घातल्या असत्यास, म्हणून मुद्दाम कागदावर उत्तर देतो आहे.

तू वापरलेल्या ‘राजीनामा’ या शब्दाची गंमत वाटली. पेशवाईत वाद पंचायतीपुढे जाई तेव्हा पंच जे ठरवतील ते आम्हांस मान्य आहे असे दोन्ही पक्ष आधी लिहून देत आणि त्या कागदाला राजीनामा म्हणत. आमच्या धंद्याचा पाया आजही तोच कागद आहे, फक्त आता तो करारनाम्याच्या शेवटाकडे बारीक अक्षरात असतो आणि सही करताना कोणी वाचत नाही. न्यायाधीशाला खुर्ची राज्य देते. लवादाला ती दोन भांडणारी माणसे देतात, तीही एका वादापुरती, आणि निवाडा होताच काढून घेतात. अठ्ठावीस वर्षे एकाच कंपनीची खुर्ची वापरलेल्या माणसाने हे नीट समजून घ्यावे.

पोटाचा प्रश्न आधी संपवतो. 1996 च्या लवाद व सलोखा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शुल्काचे नमुना दर दिले आहेत. त्यानुसार 1 कोटी रुपयांच्या वादाला लवादाचे शुल्क 3,37,500 रुपये होते आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर 25 टक्के अधिक मिळतात. आकडा ऐकून हरखून जाऊ नकोस. हे पैसे वर्ष-दीड वर्षाच्या कामाचे असतात, पक्ष अनामत भरायला टाळाटाळ करतात, आणि मुख्य म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे तुला कोणी नेमतच नाही, कारण वकील ज्याचे निवाडे वाचलेले आहेत त्याचेच नाव सुचवतात. मी स्वतः पहिली चार वर्षे मूल्यांकनाचे अहवाल लिहून घर चालवले. तुझे घराचे हप्ते फिटले असतील आणि वहिनींची नोकरी चालू असेल तरच पुढचे वाच.

पात्रतेची काळजी मात्र करू नकोस. लवादाने कोण असावे यासाठी 2019 च्या दुरुस्तीने आठवी अनुसूची आणली होती. ती 2021 मध्ये वगळण्यात आली. आज कायद्याला तुझी पदवी नको आहे, निःपक्षपातीपणा हवा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर कलम 12 फार कडक झाले असून एखाद्या पक्षाचा नोकर, सल्लागार किंवा त्याच्याशी धंद्याचे संबंध असलेला माणूस त्या पक्षाच्या वादात लवाद होऊ शकत नाही. म्हणजे तुझ्या कंपनीची प्रकरणे, जी तुला सर्वात जास्त समजतात, तीच तुझ्यासाठी बंद. आपल्या उमेदवारीच्या काळात सरकारी कामाच्या करारात त्याच खात्याचा अधीक्षक अभियंता निर्णय देई आणि तो अंतिम समजला जाई, हे तुला आठवत असेलच. तो काळ गेला. वादातल्या एका पक्षाने आपल्याच मर्जीने एकमेव लवाद नेमण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारी कंत्राटांच्या बाबतीतही अमान्य केला, त्यामुळे तटस्थ आणि तांत्रिक जाण असलेल्या माणसांची गरज वाढली आहे. तुझ्यासारख्याला संधी आहे ती इथे.

आता काम काय असते ते सांगतो, आणि माझ्या पहिल्या निवाड्यापासून सांगतो, कारण त्यात जे शिकलो त्याला नंतर फारशी भर पडली नाही. नाशिकजवळच्या एका कामात तळघराची खोदाई होती. आपला काळा पाषाण तुला माहीत आहे. वर दीड मीटर काळी माती, मग मुरूम, मग कुठे मऊ खडक तर कुठे चार पावलांवर एकदम कठीण. ठेकेदार म्हणत होता की एकूण खोदाईपैकी 70 टक्के हार्ड रॉक निघाला. मालकाच्या इंजिनिअरने एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, 40 टक्के लिहिले होते. दोन दरांत जवळजवळ तिप्पट फरक होता आणि सगळा वाद त्या 30 टक्क्यांचा होता. माझ्यापुढे प्रकरण आले तेव्हा त्या खड्ड्यावर सात मजले उभे होते. खडक बघायला मिळणार नव्हता. होते ते कागद.

मी इंजिनिअर असल्यामुळे पहिल्या बैठकीतच माझ्या मनात एक आकडा तयार झाला होता. त्या भागात मी स्वतः काम केले होते, 55 टक्के असणार असे मला ‘माहीत’ होते. याहून मोठा धोका या कामात नाही. लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा जसाच्या तसा बांधील नसतो हे खरे, पण म्हणून त्याने स्वतःच्या पोतडीतून पुरावा काढायचा नसतो. तो आकडा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, त्यावर कागद चिकटवला आणि साक्षी ऐकायला बसलो.

मालकाची एमबी उघडली तर तीन महिन्यांची मापे एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बसणीत उतरवलेली दिसत होती. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागले की कमरेला, यावर गावात कधी भांडण होत नाही, कारण मारुती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो आणि पाणी असतानाच पाहिलेला असतो. एमबीचे मूल्य तेवढ्यासाठीच असते: माप दोघांच्या देखत, त्याच वेळी घेतलेले असावे. नंतर बसून लिहिलेली एमबी म्हणजे पूर ओसरल्यावर मारुतीकडे बोट दाखवणे. मला वाटले की ठेकेदार जिंकला. मग त्याच्या साइटवरच्या कारकुनाची डायरी आली, तीही ठेकेदारानेच उत्साहाने दाखल केलेली. डिझेल, टिपरच्या खेपा, मजुरांची हजेरी, पाऊस, सगळे त्यात रोजच्या रोज होते. आणि ज्या दिवसांची हार्ड रॉकची मापे ठेकेदाराने मागितली होती त्यांपैकी नऊ दिवस खडक फोडणाऱ्या कॉम्प्रेसरला डिझेलच घातलेले नव्हते. कॉम्प्रेसर बंद असताना फोडलेल्या त्या पाषाणाबद्दल मी साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला आणि त्याने वकिलाकडे पाहिले.

शेवटी शेजारच्या बोअरच्या नोंदी, डायरी आणि बाहेर रचलेल्या दगडाची मापे यांची सांगड घालून मी 48 टक्के धरले. निवाडा सही करून दिल्यावर वहीचे ते पान उघडले. माझ्या 55 मुळे मालकाला विनाकारण सात टक्क्यांचा भुर्दंड बसला असता, आणि तो दुरुस्त करायला कोणी नव्हते. कलम 34 खाली निवाडा रद्द करून मागता येतो, त्यासाठी तीन महिने आणि पुरेसे कारण असेल तर आणखी 30 दिवस मिळतात. पण न्यायालय तिथे पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. लवादाची चूक बहुतेक वेळा तशीच राहते. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बांधकामातले बाकीचे वाद तू दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहेस, त्यामुळे लांबवत नाही. मुदतवाढ, भाववाढ, एक्स्ट्रा आयटम, अडवून ठेवलेली अनामत, उशिराचा दंड. एवढेच सांगतो की तुम्ही लोक दाव्यात हडसनचे सूत्र घालून ऑफिसखर्च आणि बुडालेला नफा मागता, ते आता डोळे झाकून कोणी देत नाही. कोणते सूत्र वापरायचे हे लवादाने ठरवावे असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मॅकडरमॉट प्रकरणात म्हटले आहे खरे, पण सूत्र हे हिशेबाचे साधन आहे, नुकसान झाल्याचा पुरावा वेगळा लागतो. तुमचे हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही, कोण लिहितो, आणि केव्हा, हे मला एकदा सांग.

नोकरीविषयक वादांबद्दल तू ओझरते विचारले आहेस आणि मला वाटते तुझा तिथे गैरसमज आहे. आपल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून बडतर्फ झालेल्या कामगाराचा वाद 1996 च्या कायद्याखाली खासगी लवादापुढे नेता येत नाही. किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते स्पष्ट केले. त्याच्यासाठी नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तडजोड घडवणारा सरकारी समेट अधिकारी होता, कामगार न्यायालय होते, आणि दोन्ही पक्षांनी लिहून दिले तर कलम 10-अ चा स्वेच्छा लवाद होता, जो फारसा कोणी वापरत नसे. व्यवस्थापक, अधिकारी, तज्ज्ञ यांच्या नेमणूकपत्रात लवादाचे कलम असते, ती प्रकरणे वेगळी. कामगारांच्या बाबतीत माझे काम मध्यस्थीचे असते, आणि त्या कामाचा स्वभावच निराळा आहे.

गेल्या वर्षीचे एक प्रकरण ओळख पुसून सांगतो. एका कामगाराची सेवा संपली तेव्हा व्यवस्थापनाने 15 वर्षांची ग्रॅच्युइटी दिली. त्याचे म्हणणे 19 वर्षांचे, कारण पहिली चार वर्षे तो त्याच मशीनवर, त्याच फोरमनच्या हाताखाली, पण ठेकेदाराच्या पटावर होता. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये. ग्रॅच्युइटीचे सूत्र 26 पैकी 15 दिवसांचे, म्हणजे वर्षाला 15,000 आणि चार वर्षांचे 60,000. एवढ्या रकमेसाठी दोन्हीकडचे वकील तीन वर्षे तारखा घेत होते. व्यवस्थापकांना वेगळ्या खोलीत भेटलो तेव्हा कळले की 60,000 ची त्यांना चिंता नव्हती. त्याच लाइनवर ठेकेदाराकडून कायम झालेले आणखी पुष्कळ जण होते आणि एकाला दिले की रांग लागेल अशी भीती होती. कामगार दुसऱ्या खोलीत मला सांगत होता की त्याला दिवाळीच्या आत मुलीच्या फीचे पैसे हवेत. दोघांची गोष्ट मला माहीत होती आणि एकाची दुसऱ्याला सांगता येत नव्हती.

अविनाश, हे पोटात ठेवणे तुला जमेल काय? साइटवर आपल्याला उत्तर दिसले की आपण ओरडून सांगतो. मी माझ्या पहिल्या मध्यस्थीत नेमके तेच केले होते. 40 तासांचे प्रशिक्षण नुकतेच संपले होते. एका बिल्डरला मी वेगळ्या बैठकीत स्पष्ट सांगून टाकले की तुमची बाजू लंगडी आहे, आणि ते अगदी खरे होते. तो उठला, चहाही न घेता गेला, आणि ते प्रकरण माझ्या माहितीप्रमाणे अजून न्यायालयात आहे. त्याला मत हवे असते तर तो वकिलाकडे गेला असता. 1996 च्या कायद्याचे कलम 80 सलोखाकाराला, म्हणजे तडजोड घडवू पाहणाऱ्याला, त्याच वादात पुढे लवाद होण्यापासून सामान्यतः रोखते त्याचे कारण मला त्या दिवशी कळले: ज्याने खोलीतले ऐकले आहे त्याने खुर्चीवर बसून ऐकले नाही असे दाखवू नये.

ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात मी व्यवस्थापकांना फक्त विचारले की कायद्यात करार किती प्रकारचे असतात. 1947 च्या त्या कायद्यात समेट अधिकाऱ्यासमोर कलम 12(3) खाली झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्यांना लागू होई. कलम 18(1) चा आपसातला करार सही करणाऱ्यांपुरता राही. त्यांचे पर्सोनेल अधिकारी जुने होते, लगेच समजले. ग्रॅच्युइटीचा हक्क सोडल्याचे लिहून घेण्यात अर्थ नव्हता, तसे लिखाण टिकत नाही. म्हणून त्या मुद्द्याबद्दल कोणीही काहीही कबूल न करता एक ठोक रक्कम ठरली. रक्कम सांगत नाही. कामगाराने सही करण्याआधी कागद तीनदा वाचला आणि मराठीत करून मागितला. आम्ही दीड तास थांबून तो मराठीत केला. बाकीच्यांच्या मागणीचे पुढे काय झाले हे मी विचारलेले नाही. ते मला खटकते, हेही तुला सांगून ठेवतो: तडजोडीने एकाचे भले होते आणि कायद्याचा प्रश्न तसाच राहतो, आणि मध्यस्थाला त्यावर बोलायची जागा नसते.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आज देत नाही. आधी एक काम कर. सिन्नरच्या कामात भरावाच्या मापावरून तुमचा जो वाद झाला होता, ज्याबद्दल तू मला दोन वर्षे फोनवर तावातावाने ऐकवत होतास, त्याचा निवाडा लिही. कंपनीचे कागद घेऊ नकोस, तुला तो अधिकार नाही. आठवणीतून लिही, नावे आणि रकमा बदल. दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्या त्यांच्या भाषेत मांड, मुद्दे काढ, प्रत्येक मुद्द्यावर कारणे दे. आठ-दहा पाने पुरेत. मी तो इथल्या एका वकील मैत्रिणीला वाचायला देईन. तिला तुझ्याबद्दल काही माहीत नाही. तू कोणत्या बाजूकडून लढला होतास हे तिला ओळखता आले, तर नोकरी सोडू नकोस.

लिहून झाले की पोस्टाने पाठवू नकोस, घेऊनच ये. शुक्रवारची पंचवटी एक्स्प्रेस पकड, मी नाशिकरोडला घ्यायला येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत