हजेरीपत्रक कोणी वाचायचे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अपिलांवर अपिले करून शिक्षा टाळली जाते, अशी टीका कालच्या अग्रलेखात वाचली. खालच्या न्यायालयाच्या नजरेतून सुटलेला पुरावा वर गेल्यावर तपासला जातोच, असे आपण गृहीत धरले आहे. ते खरे नाही, आणि हे मी घरच्या अनुभवावरून लिहीत आहे.

माझ्या मावसभावाला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. घटनेच्या रात्री तो हिंगण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होता. त्या पाळीचे हजेरीपत्रक पोलिसांनीच जप्त करून दोषारोपपत्राला जोडले होते. त्यावर आत आल्याची वेळ, त्याची सही आणि शेजारी हजेरी नोंदवणाऱ्या टाइमकीपरची आद्याक्षरे स्पष्ट दिसतात. परंतु टाइमकीपरला साक्षीला बोलावलेच नाही, त्यामुळे कागद शाबीत झाला नाही, त्याला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून स्वीकारलेल्या कागदाला न्यायालय देते तो क्रमांक) पडला नाही आणि निकालपत्रात त्याचा साधा उल्लेखही आला नाही. टाइमकीपरची साक्ष घ्यावी असा अर्ज अपिलात केला, तेव्हा खटल्यातील उणिवा भरून काढण्यासाठी अपील नसते, असे म्हणून तो फेटाळला गेला. वास्तविक जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 391 ने दिला होता आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 432 मध्येही तो कायम आहे. मात्र तो वापरायचा की नाही, हे न्यायालयानेच ठरवायचे. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारी विशेष अनुमती याचिका पहिल्याच तारखेला फेटाळली गेली. तेथे सहसा पुरावा नव्याने तपासत नाहीत, हे वकीलसाहेबांनी आधीच सांगितले होते.

फाशीच्या कैद्याला 2014 पासून पुनर्विलोकनाची, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासण्याची, सुनावणी खुल्या न्यायालयात मिळते. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या 2003 मधील हत्याकांडाच्या प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली होती व उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी दिली होती, आणि त्याच न्यायालयाने पुनर्विलोकनात 2019 साली सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या व त्या दिशेने तपास झालाच नाही, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले. आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून 2023 मध्ये 28 वर्षांनी सुटलेला कैदी गुन्ह्याच्या वेळी 12 वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झाले, कारण अल्पवयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही मांडण्याची मुभा कायद्यात आहे. माझा भाऊ अल्पवयीन नव्हता आणि त्याला फाशीही झाली नाही, म्हणून त्याचा कागद पुन्हा कोणी उघडणार नाही. जन्मठेपेच्या पुनर्विलोकनाचा निर्णय दालनात, वकिलांचे म्हणणे न ऐकताच होतो. ब्रिटनमध्ये अशी जुनी प्रकरणे तपासून अपील न्यायालयाकडे परत पाठवणारा स्वतंत्र आयोग 1997 पासून काम करीत आहे. आपल्याकडे तो का नसावा, यावर अग्रलेख लिहिला असता तर मी आपले आभार मानले असते.

जाता जाता आणखी एक. उच्च न्यायालयाचे निकालपत्र इंग्रजीत आले. दहावीपर्यंत शिकलेल्या माझ्या भावाने ते बराकीतल्या दुसऱ्या कैद्याकडून वाचून घेतले आणि अर्ज कोणत्या परिच्छेदात, कशासाठी फेटाळला, हे त्याला आजही नीट उमगलेले नाही. शिक्षा ज्याने भोगायची आहे, त्याच्या हाती निकालाची मराठी प्रत त्याच दिवशी पडली पाहिजे.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर