गौरीजेवणाच्या दिवशी सांगायचे राहिले ते

पुणे, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

गौरी जेवल्या त्या दिवशी आरतीच्या वेळी कापराच्या धुराने माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि ते टिपलेल्या पांढऱ्या रुमालावर फिकट नारिंगी डाग उमटला. आईने विचारले, "हे कसले गं?" हळद लागली असेल, असे म्हणून मी रुमाल मुठीत दडवला. ती हळद नव्हती. ८ जुलैपासून मी क्षयरोगाची औषधे घेत आहे आणि त्यांतल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवीला, डोळ्यांतल्या पाण्याला तसा रंग येतो. त्या रंगाने अपाय काही होत नाही.

आजाराचे नाव वाचून बाबा चष्मा काढून ठेवतील आणि आई देवापाशी जाऊन बसेल, हे मला इथे बसून दिसते आहे. म्हणून आधी एवढे सांगते की, माझ्या फुफ्फुसांना काहीही झालेले नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. आजार मानेच्या उजव्या बाजूच्या गाठीत आहे आणि गाठीचा क्षय खोकल्यातून, स्पर्शातून किंवा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही.

२ जूनला मी नोकरीवर रुजू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली. नवे काम, नळ स्टॉपपासून रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे खराडीपर्यंत शेअर रिक्षा, या दगदगीचा तो थकवा असावा असे समजून मी पॅरासिटामॉल घेत राहिले. जूनअखेरीस एकदा आंघोळीच्या वेळी मानेला साबण लावताना बोटांना सुपारीएवढी गाठ लागली. ती मुळीच दुखत नव्हती, म्हणूनच इतके दिवस लक्षात आली नसावी. डॉक्टरांनी सुईने त्यातला नमुना काढून तपासायला पाठवला आणि निदान झाले. औषधे महापालिकेच्या दवाखान्यातून मोफत मिळतात. शिवाय क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपयांप्रमाणे पैसे खात्यावर जमा होतात, त्यांतून मी अंडी, दूध आणि डाळी आणते.

उपचार सहा महिन्यांचे आहेत आणि माझे प्रोबेशनही सहाच महिन्यांचे आहे. मला खरी भीती आजारापेक्षा या योगाची वाटली. प्रोबेशनमध्ये पगारी रजा नाही आणि पहिल्या दोन महिन्यांच्या चार औषधांनी सकाळी इतके मळमळायचे की दोनदा मला मधल्याच स्थानकावर उतरून बाकावर बसावे लागले. आठवडाभर मी कारणे सांगत उशिरा पोहोचले. मग वाटले, खोटे बोलून नोकरी टिकवण्यापेक्षा खरे सांगून ती टिकते का ते पाहावे, आणि डॉक्टरांचे पत्र घेऊन मी आमच्या विभागप्रमुख मॅडमना भेटले. त्यांनी पत्र दोनदा वाचले, माझी वेळ अर्ध्या तासाने पुढे केली आणि महिनाअखेरीचे हिशेब मात्र वेळेत हवेत, असे स्पष्ट बजावले. ते मी वेळेत दिले आहेत. सर्वांनी असे समजून घेतले नाही. माझ्या शेजारी बसणारी सहकारी तेव्हापासून डबा वेगळ्या टेबलावर नेऊन खाते. मला त्याचे वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

सर्वांत कठीण दिवस ऑगस्टच्या मध्याला आले. नेमाने गोळ्या घेत असूनही गाठ लहान होण्याऐवजी मोठी झाली. औषध लागू पडत नाही, नोकरीही जाणार, असे मनात धरून मी एक अख्खी रात्र जागून काढली. सकाळी डॉक्टरांनी तपासून सांगितले की, जंतू मरू लागल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती जोर धरते आणि त्या प्रतिक्रियेने गाठ काही काळ वाढू शकते, एवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे मानायचे नाही आणि गोळ्या थांबवायच्या नाहीत. आता ती पुन्हा सुपारीहून लहान झाली आहे. गणपतीत मी सारखी ओढणी घेऊन का बसत होते आणि पहाटे पाचला स्वयंपाकघरात काय करत होते, हे आता तुम्हाला कळले असेल. विटकरी रंगाच्या तीन गोळ्या उपाशीपोटी घ्याव्या लागतात. गेल्या आठवड्यापासून चारांपैकी एक औषध, पायराझिनामाइड, बंद झाले आहे. उरलेली तीन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतील. सांधे दुखत होते तेही थांबले आहे आणि वजन दीड किलोने वाढले आहे.

बाबा, तुमच्या मोठ्या आत्यांना मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, ठेवले होते आणि परत आल्यावरही त्यांची ताटवाटी वेगळी होती, हे तुम्ही हलक्या आवाजात सांगायचा. तो आवाज माझ्या कानांत होता, म्हणूनच मी तुमच्यापासून लपवले. परंतु १९५९ पासून प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासात फुफ्फुसांचा क्षय झालेले रुग्णसुद्धा दाटीवाटीच्या घरांत राहून, औषधे घेऊन जवळजवळ सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढला नाही, असे दिसून आले होते. आत्यांची ताटवाटी तशीच वेगळी राहिली, याचे मला फार वाईट वाटते.

आई, नोकरी सोडून घरी ये, असे तू म्हणशील. मी येणार नाही. तुझ्या हातचे खाऊन माझी तब्येत लवकर सुधारेल हे मला मान्य आहे, पण ही नोकरी मी दोन वर्षे शोधत होते आणि १ डिसेंबरला प्रोबेशन संपेपर्यंत मला तिथे रोज हजर राहायचे आहे. त्याऐवजी तू शेंगदाण्याचे लाडू पाठव. काकूंनी सुचवलेल्या स्थळाकडे माझा आजार लपवू नका. ऐकून ते मागे फिरले तर फिरू द्या.

येत्या २७ तारखेला, शनिवारी, डॉक्टरांनी बोलावले आहे. बाबांनी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने यावे आणि माझ्याबरोबर चलावे. तुमचे प्रश्न कागदावर लिहून आणा, मी ते सगळे त्यांना विचारू देईन.

तुमची लेक